रस्टचा सरावप्रश्न चालत नाही, तेव्हा आधी काय तपासावे

लक्षणे

रस्ट या प्रोग्रामिंग भाषेतील सरावप्रश्न अडल्याची तक्रार आमच्याकडे पुढीलपैकी एखाद्या रूपात येते.

- कोडमध्ये दुरुस्ती केली तरी प्रोग्राम जुनेच उत्तर देतो.
- 'कार्गो चेक' (कार्गो म्हणजे रस्टचे प्रकल्प तपासणारे, बांधणारे व चालवणारे साधन) सुरळीत पार पडते, पण 'कार्गो रन' म्हटले की एरर येतो.
- टर्मिनलवर 'ब्लॉकिंग' या शब्दाने सुरू होणारी एक ओळ येते आणि त्यापुढे काहीच घडत नाही.
- कंपायलर, म्हणजे कोडचे यंत्रभाषेत रूपांतर करणारा प्रोग्राम, अर्ध्यातच बंद पडतो आणि शेवटच्या ओळीत 'सिगकिल' हा शब्द व ९ हा आकडा दिसतो.
- नेट सुरू असूनही काहीच डाउनलोड होत नाही आणि सर्टिफिकेट वैध नसल्याचा संदेश येतो.
- एक एरर मिटवला की दुसऱ्या ओळीवर दुसरा उगवतो, आणि तो मिटवला की पहिला परत येतो.
- संख्या घेऊन केलेला प्रश्न सुटतो. तोच प्रश्न स्ट्रिंग घेऊन केला की सुटत नाही.
- इंग्रजी नाव दिले तर प्रोग्राम चालतो, मराठी नाव दिले की मध्येच कोसळतो.

यवतमाळ जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी, ग्रंथालयाच्या माडीवरील खोलीत, जुन्या संगणकांवर आम्ही रस्ट ही भाषा शिकतो आणि शिकवतो. कापसाची शेवटची वेचणी आटोपली की नवी तुकडी बसते आणि उन्हाळा संपेपर्यंत तिचा सराव चालतो. "सर, काल तं चालत होतं, आज काहून नाही चालून राहिलं?" हा प्रश्न प्रत्येक तुकडीत इतक्या वेळा ऐकावा लागतो, की तपासणीचा एक क्रम आपोआप ठरून गेला. तोच येथे सोप्याकडून अवघडाकडे आणि फुकटाकडून खर्चिकाकडे मांडला आहे. आज्ञा आम्ही तोंडी सांगतो तशाच देवनागरीत लिहिल्या आहेत. टंकताना त्या अर्थातच रोमन लिपीत टंकाव्या लागतात.

आधी एक गोष्ट लक्षात ठेवावी. रस्टमध्ये कंपाइल न होणे हा अपघात नाही. ग्रेडन होअर यांनी २००६ मध्ये वैयक्तिक प्रकल्प म्हणून सुरू केलेली आणि १५ मे २०१५ रोजी जिची पहिली स्थिर आवृत्ती आली ती ही भाषा मेमरीच्या चुका प्रोग्राम चालण्यापूर्वीच अडवते. सी भाषेत तोच प्रश्न कंपाइल होतो, चालतो, आणि चूक असेल तर ती कधीतरी भलत्याच ठिकाणी उमटते. रस्टलिंग्जसारख्या सरावसंचात तर प्रत्येक छोटा प्रोग्राम मुद्दाम बिघडवूनच दिलेला असतो. त्यामुळे शिकणाऱ्यासमोर तीन प्रकारचे दोष एकाच वेळी येतात: प्रश्नकर्त्याने पेरलेला, स्वतःच्या हातून झालेला आणि संगणकाचा. हे तीन वेगळे करता आले नाहीत, तर मुलगा संगणकाच्या दोषासाठी कोड बदलत बसतो किंवा कोडच्या दोषासाठी संपूर्ण रस्ट काढून पुन्हा बसवतो. दुसरा प्रकार मी अधिक पाहिला आहे आणि तो अधिक महागात पडतो, कारण पुन्हा बसवायला मोबाइलचा दिवसभराचा डेटा जातो.

दोष कोणाकडे आहे, हे आधी ठरवावे

सरावाच्या फोल्डरच्या बाहेर जाऊन 'कार्गो न्यू' या आज्ञेने एक रिकामा प्रकल्प तयार करावा आणि तो लगेच 'कार्गो रन' ने चालवावा. कार्गो त्यात जगाला नमस्कार करणारा छोटा प्रोग्राम स्वतःच लिहून ठेवतो. त्यासाठी नेट लागत नाही, पैसा लागत नाही आणि एक मिनिटही पुरते. हा प्रोग्राम चालला, तर कंपायलर व लिंकर (तयार तुकडे जोडून चालणारी फाइल बनवणारा) दोन्ही शाबूत आहेत आणि दोष सरावाच्या फोल्डरमध्ये शोधावा. तो चालला नाही, तर सरावाच्या कोडला हातही लावू नये. ही एवढी तपासणी केल्यावर मग पुढील अर्धा लेख आपल्यासाठी नाही, हे वाचकाला कळते. कोणता अर्धा, ते मात्र निकालावर ठरते.

फाइल, फोल्डर आणि पहिला एरर

एडिटरच्या वरच्या पट्टीत फाइलच्या नावाजवळ ठिपका दिसत असेल, तर फाइल सेव्ह झालेली नाही. हे लिहिताना मलाच संकोच वाटतो, पण जुनेच उत्तर येण्याचे सर्वांत सामान्य कारण हेच आहे. त्यानंतर आपण कोणत्या फोल्डरमध्ये उभे आहोत ते पाहावे. कार्गोला 'कार्गो डॉट टॉमल' ही फाइल सध्याच्या किंवा त्याच्या वरच्या एखाद्या फोल्डरमध्ये सापडावी लागते. ती सापडली नाही, तर कार्गो तसे स्पष्ट शब्दांत सांगतो. एकाच सरावाच्या दोन प्रती असतील, एक डेस्कटॉपवर आणि एक पेनड्राइव्हवर, तर मुलगा एका प्रतीत लिहितो आणि दुसरी चालवतो, असेही घडते.

मग एरर वाचावा, आणि तो वरून वाचावा. टर्मिनल शेवटच्या ओळीवर थांबते, म्हणून डोळे तिथेच जातात. प्रत्यक्षात सुटलेला एक कंस किंवा चुकलेले एक नाव खाली डझनभर एरर निर्माण करू शकते. पहिला एरर दुरुस्त करावा, पुन्हा 'कार्गो चेक' चालवावे आणि मगच पुढचा पाहावा. 'चेक' ही आज्ञा यंत्रभाषेतील फाइल तयार करीत नाही, त्यामुळे ती 'बिल्ड' पेक्षा बरीच लवकर संपते आणि जुन्या संगणकावर हा फरक जाणवतो. बहुतेक एररला ई या अक्षराने सुरू होणारा चार अंकी क्रमांक असतो. 'रस्टसी' या कंपायलरच्या आज्ञेला दोन आडव्या रेघांसह 'एक्सप्लेन' आणि तो क्रमांक दिला, की त्या एररचे उदाहरणासह स्पष्टीकरण नेटशिवाय वाचता येते. भारनियमनाच्या वेळी टॉवर बंद पडतो तेव्हा हा आधार मोठा असतो. 'रस्टअप डॉक' (रस्टअप म्हणजे रस्ट बसवणारे साधन) हेही तसेच आहे. दस्तऐवज आधीच उतरवलेले असतील, तर ते संगणकातूनच उघडतात. मात्र डेटा वाचवण्यासाठी 'मिनिमल' प्रोफाइलने रस्ट बसवले असेल, तर दस्तऐवज सोबत येत नाहीत.

मराठी कळफलकाचे दोष

आमच्या मुलांपैकी अनेक जण अर्ज व पत्रे टंकून दोन पैसे मिळवतात, म्हणून त्यांच्या संगणकावर मराठी कळफलक कायम असतो. कोडमध्ये चुकून देवनागरी ५ पडला, तर कंपायलर अनोळखी चिन्हाचा एरर देतो, कारण रस्टमध्ये संख्या इंग्रजी अंकांनीच (0 ते 9) लिहाव्या लागतात. गंमत अशी, की नावांच्या बाबतीत उलटे आहे: जून २०२१ मध्ये आलेल्या १.५३ या आवृत्तीपासून व्हेरिएबलचे नाव देवनागरीत ठेवता येते, म्हणजे 'भाव' हे नाव चालते, पण त्याची किंमत ७००० देवनागरीत लिहिलेली चालत नाही.

दुसरा दोष अवतरणचिन्हांचा. वर्ड किंवा पीडीएफमधून कोड उचलला, तर सरळ अवतरणचिन्हांऐवजी वाकडी येतात. कंपायलर ती ओळखून तसे सुचवतोही, परंतु डोळ्याला फरक दिसत नसल्यामुळे सूचना खोटी वाटते. व्हॉट्सॲपवर पाठवलेल्या कोडमध्ये दोन तारकांच्या मध्ये सापडलेला मजकूर ठळक होतो आणि तारका पडद्यावरून नाहीशा होतात. तो मजकूर पाहून हाताने उतरवणाऱ्याची डीरेफरन्सची (संदर्भामागची किंमत मागण्याची) तारका तिथेच गळते. कोड पाठवायचा तर फाइल म्हणून पाठवावा.

चालता चालता कोसळणारा मराठी नावाचा प्रश्नही याच घराण्यातला आहे. रस्टमधील स्ट्रिंग यूटीएफ-८ मध्ये साठवली जाते आणि देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तेथे ३ बाइट घेते. 'विदर्भ' हा शब्द आपल्याला तीन अक्षरांचा दिसतो, रस्टच्या दृष्टीने त्यात ६ चिन्हे आहेत (व, इकार, द, र, हलन्त आणि भ) आणि त्याची बाइटमधील लांबी १८ भरते. पहिले अक्षर मिळवण्यासाठी ० ते १ असा तुकडा मागितला, तर चिन्हाच्या मधोमध कापावे लागेल, म्हणून प्रोग्राम थांबतो. ० ते ३ मागितले तर नुसता 'व' मिळतो आणि ० ते ६ मागितले तर 'वि'. सरावाचा प्रश्न इंग्रजी नावावर सुटला म्हणजे सुटला असे आम्ही मानत नाही. स्वतःचे नाव मराठीत देऊन तो चालवून दाखवावा लागतो.

घड्याळ

हा दोष मला सापडायला फार वेळ लागला, म्हणून तो थोडा सविस्तर सांगतो. जुन्या डेस्कटॉपच्या मदरबोर्डवर नाण्याएवढा सीआर२०३२ सेल असतो. तो संपला, की वीज गेल्यानंतर संगणकाची तारीख अनेक वर्षे मागे जाते. आता कार्गोचे काम पाहा. कोणती फाइल बदलली आहे, हे तो फाइलवरील वेळेच्या नोंदीवरून ठरवतो. काल बरोबर वेळेवर कंपाइल केलेली फाइल आज मागे गेलेल्या घड्याळावर सेव्ह केली, तर नवी नोंद कालच्या कंपाइलपेक्षा जुनी ठरते, आणि काहीच बदललेले नाही असे समजून कार्गो कालचाच प्रोग्राम चालवतो. ओळखण्याची खूण सोपी आहे: टर्मिनलवर 'कंपायलिंग' ही ओळ येत नाही, थेट 'फिनिश्ड' येते. पेनड्राइव्हवरून विंडोजमध्ये फाइल उतरवली, तरी तिची जुनी वेळ तशीच राहते आणि हेच लक्षण दिसते.

घड्याळ दुरुस्त करावे, फाइलमध्ये एक मोकळी जागा टंकून ती पुन्हा सेव्ह करावी आणि चालवून पाहावे. डाउनलोडच्या वेळी येणारा सर्टिफिकेटचा एरर पुष्कळदा याच घड्याळामुळे असतो, कारण संगणकाच्या मते ते सर्टिफिकेट अजून लागूच झालेले नसते. डेस्कटॉपमधील सेल कोणीही बदलू शकतो, मात्र आधी वायर काढलेली असावी. लॅपटॉप त्यासाठी स्वतः उघडू नये.

अडकलेला कार्गो आणि अपुरी मेमरी

'ब्लॉकिंग' ही ओळ दिसली, तर दुसरा कार्गो त्याच प्रकल्पावर काम करीत आहे: एखादी विसरलेली टर्मिनल खिडकी किंवा एडिटरमधील रस्ट-ॲनालायझर, म्हणजे लिहिता लिहिता चुका दाखवणारा सहायक. तो संपेपर्यंत थांबावे किंवा ती खिडकी बंद करावी. येथे बिघडलेले काहीच नसते.

सिगकिल हे मात्र मेमरी संपल्याचे लक्षण असते. ४ जीबीच्या संगणकावर ब्राउझरमध्ये व्हिडिओ, शेजारी रस्ट-ॲनालायझर आणि त्यावर मोठे बिल्ड, हे तिन्ही मावत नाही, आणि लिनक्स सर्वांत जास्त मेमरी घेणाऱ्याला बंद करते. व्हिडिओ बंद करावा, 'कार्गो बिल्ड' ला 'जे १' हा पर्याय देऊन एका वेळी एकच काम करायला सांगावे आणि सराव करताना रस्ट-ॲनालायझर थोडा वेळ बाजूला ठेवावा. व्यक्तिशः मला वाटते, की पहिले दोन आठवडे तो नसलेलाच बरा, कारण लाल रेघ पाहून घाईने दुरुस्ती करण्याची सवय एरर वाचण्याच्या सवयीच्या आड येते.

एप्रिल-मे महिन्यांत आमच्याकडे पारा ४५ अंशांपर्यंत जातो आणि तापलेला लॅपटॉप स्वतःहून वेग कमी करतो. सकाळी काही सेकंदांत होणारे बिल्ड दुपारी रेंगाळले, तर दोष रस्टचा नाही. लॅपटॉपखालची चादर काढावी आणि मोठे बिल्ड पहाटे करावे. कुलरची हवा थेट लॅपटॉपवर घेऊ नये. ती दमट असते, आणि कुलर व संगणक एकाच एक्स्टेंशन बोर्डवर असतील, तर मोटार सुरू होताना व्होल्टेज पडते.

वीज गेल्यानंतरचा कचरा

बिल्ड चालू असताना वीज गेली, तर 'टार्गेट' फोल्डरमधील फाइली अर्धवट लिहिलेल्या राहू शकतात. पुढच्या वेळी लिंकर एखाद्या फाइलचा आकार चुकीचा असल्याची किंवा ती वाचताच येत नसल्याची तक्रार करतो, आणि कोडमध्ये मात्र कोठेही चूक सापडत नाही. 'कार्गो क्लीन' चालवावे. ही आज्ञा 'टार्गेट' काढून टाकते, आपला कोड काढत नाही आणि डाउनलोड केलेले क्रेटही (इतरांनी लिहिलेल्या तयार कोडची पॅकेजे) काढत नाही. म्हणून नेट नसतानाही ती निर्धास्तपणे वापरता येते, फक्त पुढचे बिल्ड सुरुवातीपासून होते. डिस्क भरली असेल, तर पूर्ण झालेल्या सरावांचे 'टार्गेट' आधी साफ करावेत, कारण हा फोल्डर मूळ कोडच्या कितीतरी पट फुगतो.

नेट, आवृत्ती आणि लिंकर

येथून पुढे डेटा खर्च होतो, म्हणून ही तपासणी एवढ्या उशिरा आली आहे. तालुक्याला चांगले नेट मिळेल त्या दिवशी प्रकल्पात 'कार्गो फेच' चालवून ठेवावे आणि गावी आल्यावर कार्गोला 'ऑफलाइन' हा पर्याय द्यावा. 'कार्गो व्हेंडर' या आज्ञेने सर्व क्रेट प्रकल्पाच्या फोल्डरमध्येच उतरतात. ती आज्ञा शेवटी काही ओळी छापते. त्या कार्गोच्या कॉन्फिग फाइलमध्ये लिहिल्या, की तोच फोल्डर पेनड्राइव्हने साऱ्या खोलीत फिरवता येतो. आम्ही तसेच करतो.

जुन्या टिपणावरून केलेला प्रश्न अडला, तर आवृत्ती पाहावी. संख्या ओळखण्याच्या खेळात 'रँड' हा क्रेट लागतो. त्याच्या ०.७ आवृत्तीत 'जेन रेंज' ला १ आणि १०१ असे दोन आकडे वेगवेगळे द्यावे लागत, ०.८ पासून एकच रेंज द्यावी लागते. टिपण ०.७ चे आणि उतरलेला क्रेट त्यापुढचा, म्हणून एरर येतो, आणि मुलगा आपल्या लिखाणात चूक शोधत बसतो. टॉमल फाइलमध्ये टिपणातीलच आवृत्ती लिहावी आणि 'कार्गो डॉट लॉक' पुसू नये. त्याच टॉमल फाइलमध्ये 'एडिशन' ची, म्हणजे भाषेच्या नियमांच्या पिढीची, ओळ असते. २०१५, २०१८, २०२१ आणि २०२४ अशा चार एडिशन आहेत आणि काही शब्द नंतरच्या एडिशनमध्ये राखीव झाले आहेत. 'जेन' हे फंक्शनचे नाव २०२१ मध्ये चालते, २०२४ मध्ये चालत नाही.

'चेक' पार पडते पण 'रन' होत नाही, या लक्षणाचे कारण साध्या प्रश्नांत बहुधा लिंकर असतो, कारण 'चेक' लिंकरपर्यंत पोहोचतच नाही. उबुंटूवर 'सीसी' सापडत नसल्याचा एरर आला, तर 'बिल्ड-इसेन्शियल' हे पॅकेज बसवावे. विंडोजवर नेहमीच्या रस्टला मायक्रोसॉफ्टची बिल्ड टूल्स लागतात आणि ती कित्येक जीबी जागा घेतात. एवढा डेटा नसेल, तर जीएनयू टूलचेन (कंपायलर व त्याच्या साधनांचा दुसरा संच) निवडावी. विंडोज ७ असलेल्या संगणकावर झगडू नये. मे २०२४ मधील १.७८ आवृत्तीपासून रस्टच्या नेहमीच्या विंडोज टूलचेनला किमान विंडोज १० लागते. अशा संगणकावर हलके लिनक्स टाकणे स्वस्त पडते.

मालकीचा दोष

संगणक निर्दोष ठरला आणि एरर तरीही जागा बदलत राहिला, तर दोष मालकीच्या समजुतीत आहे. (रस्टमध्ये प्रत्येक ऐवजाचा एका वेळी एकच मालक असतो.) ही तपासणी सर्वांत अवघड आहे, कारण येथे आज्ञा देऊन काही होत नाही. कागद घेऊन बसावे लागते.

आमचा नेहमीचा प्रश्न असा असतो. कापसाच्या दहा गाठोड्यांची वजने एका व्हेक्टरमध्ये (वाढू शकणाऱ्या यादीत) आहेत, 'एकूण' नावाचे फंक्शन त्यांची बेरीज करते, आणि त्यानंतर मुख्य प्रोग्रामला तीच वजने छापायची आहेत. फंक्शनने व्हेक्टर जसाच्या तसा घेतला, तर छापण्याच्या ओळीवर ई०३८२ हा एरर येतो. मुलगा ती छापण्याची ओळ उलटसुलट करून पाहतो. दोष त्या ओळीवर नसतोच. व्हेक्टर फंक्शनला दिला, त्याच क्षणी त्याची मालकी गेली. शेताचा फेरफार दुसऱ्याच्या नावे झाल्यावर जुन्या मालकाने सातबारा दाखवून पीककर्ज मागावे, तसे ते छापणे आहे. बेरीज करणाऱ्याला शेत विकत घ्यायचे नव्हते, बांधावरून नुसते पाहायचे होते. म्हणून दुरुस्ती फंक्शनच्या पहिल्या ओळीत करावी आणि तेथे व्हेक्टरऐवजी त्याचा संदर्भ, म्हणजे स्लाइस, घ्यावा. कंपायलर आपल्या टिपेत हे बऱ्याचदा सुचवतो, पण टीप एररच्या खाली असते आणि वाचली जात नाही.

(महसुली इंग्रजीत फेरफाराला 'म्युटेशन' म्हणतात. त्यामुळे आमच्या एका विद्यार्थ्याने रस्टमधील 'म्यूट' म्हणजे मालकी बदलणे, असे महिनाभर धरले होते. 'म्यूट' ने फक्त किंमत बदलण्याची परवानगी मिळते. मालक तोच राहतो.)

संख्या घेऊन केलेला प्रश्न सुटतो, याचे कारणही येथेच आहे. साधी पूर्णांक संख्या दुसऱ्याला दिली, तर तिची नक्कल जाते आणि मूळ आपल्याकडे राहते. स्ट्रिंग आणि व्हेक्टर यांचा ऐवज मात्र हीप मेमरीत (मागून घ्यायच्या आणि नंतर मोकळ्या करायच्या जागेत) असतो. त्याचे दोन मालक झाले, तर तो दोनदा मोकळा केला जाईल, म्हणून रस्ट मालकी एकाकडेच ठेवते.

दुसरा एरर ई०५०२. पहिल्या गाठोड्याच्या वजनाचा संदर्भ धरून ठेवला, मग व्हेक्टरमध्ये अकरावे गाठोडे ढकलले आणि त्यानंतर तो धरलेला संदर्भ छापला, की हा एरर येतो. मुलांना हा अन्याय वाटतो, कारण शेवटी काहीतरी ठेवल्याने पहिल्याला काय होणार? व्हेक्टरची जागा संपली, की तो मोठी जागा घेतो आणि सगळा ऐवज तिकडे हलवतो. कोठा भरला म्हणून सारा कापूस दुसऱ्या गोदामात नेला आणि आपल्याकडे मात्र 'जुन्या कोठ्याचा डावा कोपरा' एवढाच पत्ता राहिला, तर तेथे जाऊन काय मिळेल, हे आमच्याकडे कोणाला समजवावे लागत नाही. दुरुस्ती बहुधा ओळींच्या क्रमात असते. डिसेंबर २०१८ पासून संदर्भाची उसनवारी त्याच्या शेवटच्या वापरापर्यंतच धरली जाते, त्यामुळे छापण्याची ओळ ढकलण्याच्या आधी घेतली, की दोन्ही निभतात. त्याआधीच्या टिपणांत कंस संपेपर्यंत उसनवारी चालते असे लिहिलेले आढळते; ते आता लागू नाही.

जागोजागी 'क्लोन' लावणे, म्हणजे ऐवजाची पूर्ण नक्कल करणे, हा या सगळ्यावरचा प्रचलित उपाय आहे. एरर जातो हे खरे. पहिल्या फेरीत मी तो चालवूनही घेतो. पण दुसऱ्या फेरीत एकेक क्लोन काढून कंपायलर काय म्हणतो ते वहीत लिहायला लावतो. ज्या ठिकाणी काढूनही काही झाले नाही, तेथे तो भीतीपोटी लावलेला होता. जेथे एरर परतला, तेथे खरोखर दोन मालक हवेत की एकाला पाहण्यापुरते हवे आहे, याचे उत्तर द्यावे लागते, आणि सरावाचा अर्थ तेवढाच असतो.

ई०१०६ आणि ई०५९७ हे लाइफटाइमचे (संदर्भ किती काळ वैध राहतो याचे) एरर आले, तर एकच गोष्ट तपासावी: फंक्शन परत देत असलेल्या संदर्भाचा मूळ ऐवज फंक्शन संपल्यानंतर जिवंत राहतो का? राहत नसेल, तर कोणतीही खूण लिहून त्याचे आयुष्य वाढत नाही; ऐवज स्वतःच परत द्यावा. स्ट्रक्टमध्ये (अनेक किमती एकत्र ठेवणाऱ्या रचनेत) संदर्भ ठेवण्याच्या प्रश्नावर दोन दिवस अडल्यास तेथे मालकीची स्ट्रिंग ठेवून पुढे जावे आणि महिन्याने परत यावे.

कोठे थांबावे

लॅपटॉपच्या धातूच्या भागाला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील, तर सराव तेथेच थांबवावा, प्लग काढावा आणि परवानाधारक वायरमनला बोलवावे. उन्हाळ्यात जमीन कोरडी पडली, की अर्थिंगचा खड्डाही सुकतो आणि गळती जमिनीत नीट उतरत नाही. त्यात पाणी ओतून स्वतः प्रयोग करू नयेत, कारण दोष अर्थिंगचा, वायरिंगचा की चार्जरचा, हे मीटर लावल्याशिवाय कळत नाही. फुगलेली बॅटरी दिसली, तर लॅपटॉप चार्जला लावू नये आणि बॅटरी टोचून किंवा दाबून पाहू नये. ती दुरुस्ती करणाऱ्याकडेच द्यावी.

एकच कोड कधी कंपाइल होतो, कधी कंपायलर 'सिगसेग्व्ह' (मेमरीत भलत्या जागी हात घातल्याचा संकेत) म्हणून कोसळतो आणि 'कार्गो क्लीन' नेही फरक पडत नाही, तर मेमरीची पट्टी किंवा डिस्क खराब असण्याची शक्यता मोठी असते. अशा वेळी आधी सरावाचा कोड पेनड्राइव्हवर उतरवावा आणि मग संगणक दुरुस्तीला न्यावा. डिस्कमधून टकटक आवाज येत असेल, तर तेवढेच काम करून संगणक बंद करावा.

कंपायलरने स्वतःच अंतर्गत एरर असल्याचे आणि हा त्याचा स्वतःचा दोष असल्याचे छापले, तर आपला कोड वाकवत बसू नये. टूलचेन अद्ययावत करून पाहावी, आणि तरीही तो येत असेल, तर रस्टच्या प्रकल्पाकडे कळवावे. एरर मिटवण्यासाठी 'अनसेफ' (कंपायलरच्या काही मेमरी-तपासण्यांतून सूट मागणारा शब्द) लिहावेसे वाटू लागले, तर तेही थांबण्याचे ठिकाण आहे. या पातळीच्या सरावात त्याची गरज पडत नाही, आणि जेथे पडते तेथे जाणकाराच्या नजरेखालीच ते लिहावे.

जाणकाराला विचारताना पडद्याचा तिरपा फोटो पाठवू नये. पहिला एरर सुरुवातीपासून शेवटपर्यंत मजकूर म्हणून, 'रस्टसी' ची आवृत्ती, रिकामा प्रकल्प चालला की नाही हे, आणि ज्यात तोच एरर येतो असा शक्य तितका छोटा कोड, एवढे एका फाइलमध्ये पाठवावे. हा छोटा कोड तयार करण्यासाठी मुले एकेक ओळ कमी करीत जातात, आणि आमच्या खोलीत बरीचशी पत्रे ती फाइल पूर्ण होण्याआधीच पाठवायची राहून जातात, कारण दोष तोवर सापडलेला असतो.